डोंगराची सुनावणी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. भावाभावांतील बांधाचे भांडण असो वा कुळाचा जुना दावा असो, या उपदेशात तथ्य आहे, हे आमच्या दोडामार्ग परिसरातील बहुतेक घरांना अनुभवाने ठाऊक आहे. परंतु डोंगराचे आणि झऱ्याचे भांडण ही निराळी गोष्ट. तेथे शहाणा घरी बसला तर त्याच्या वतीने दुसराच कोणी बोलून मोकळा होतो. पूर्वी रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पटांगणात काजूच्या भावाची चर्चा चाले. आता तिच्या जोडीला ‘सुनावणी कधी?’ हा प्रश्नही ऐकू येतो. या सुनावण्यांना जाऊन आम्हां काही कुटुंबांना जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिली सुनावणी गावाजवळच होते. तिला जनसुनावणी म्हणतात. 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार खाणीसारख्या मोठ्या प्रकल्पाला मंजुरी देण्यापूर्वी ती घेतली जाते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रांतून द्यावी लागते. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, उपलब्ध असावा लागतो. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले, अपर जिल्हाधिकाऱ्यांहून कमी दर्जाचे नसलेले अधिकारी असतात. सगळ्या कामकाजाचे चित्रीकरण होते. या सभेला गणसंख्येची अट नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मंडपात दहाच माणसे असली तरी सुनावणी होते आणि ती झाली असेच धरले जाते. म्हणून ‘बहिष्कार टाकू’ असे कोणी आवेशाने सुचविले की आमच्यातील जाणती मंडळी अस्वस्थ होतात.

अशाच एका सुनावणीत आमच्या वाडीतील एक आजी उभी राहिली. ध्वनिवर्धक हातात धरण्याची तिला सवय नव्हती. ती एवढेच म्हणाली, “साहेबानू, डोंगर गेलो तर आमच्या बावीक पाणी खंयसून येतला?” टाळ्यांचा कडकडाट झाला. सभा संपताना नियमाप्रमाणे इतिवृत्त मराठीत वाचून दाखविण्यात आले, तेव्हा आजीच्या प्रश्नाच्या जागी तीनच शब्द आले होते : ‘पाण्याबाबत आक्षेप नोंदविला.’ आमच्यातील एका तरुणाने तेथेच हात वर केला. विहीर कोणत्या सर्व्हे क्रमांकात आहे, तिच्यावर किती घरे पाणी भरतात, मे महिन्यात तिला किती हात पाणी उरते, हे सारे त्याने सांगितले आणि ते इतिवृत्तात घालण्याची विनंती केली. अधिकारी भले होते. त्यांनी ते लिहून घेतले. टाळ्या त्या संध्याकाळीच विरल्या, पण विहिरीची ती चार वाक्ये आजही सरकारी कागदावर आहेत.

या प्रसंगाचे मोल आम्हांला पुढे अधिक कळले. दूरच्या न्यायपीठापुढे बसलेल्यांनी आपला डोंगर पाहिलेला नसतो. इतिवृत्तात जे आहे, तेवढाच डोंगर त्यांना दिसतो. गोव्यातील एका खाणीच्या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्पष्ट केले की, जनसुनावणीत आलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने खरोखर विचार केला पाहिजे आणि आपली कारणे दिली पाहिजेत. परंतु कारणे मागायची तर हरकत आधी नोंदलेली असावी लागते. त्यातही गावाचा विरोध नोंदला गेला म्हणजे प्रकल्प थांबतो असे नाही. जनसुनावणी हे मतदान नव्हे. आमच्याच तालुक्यातील कळणे येथील लोहखनिजाच्या खाणीला ग्रामस्थांचा तीव्र विरोध असूनही 2009 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. पुढे जुलै 2021 मध्ये त्या खाणीत साठलेले पाणी आणि माती फुटून खाली गावात, घरांत व बागायतीत शिरली.

मंजुरी मिळाल्यानंतरची सुनावणी पुण्याला. संसदेने 2010 मध्ये केलेल्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. लोक त्याला हरित लवाद म्हणतात. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात यांची प्रकरणे त्याच्या पुणे येथील पश्चिम विभागीय पीठाकडे जातात. तेथे न्यायिक सदस्यांबरोबर पर्यावरणाचे तज्ज्ञ सदस्यही बसतात. दिवाणी प्रक्रिया संहितेचे बंधन या पीठावर नाही, ते नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांनी चालते. नुकसानभरपाईची मागणी नसेल तर अर्जाचे शुल्क एक हजार रुपये आहे. वकील न देता स्वतः उभे राहण्याची मुभा आहे. शिवाय स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. अडचण भाषेची. कामकाज इंग्रजीतून चालते आणि मराठी कागदांना भाषांतर जोडावे लागते.

तेथील दृश्य चित्रपटातल्यासारखे नसते. रात्रभर एस्टीने प्रवास करून जावे, तासन्‌तास बाकावर बसावे, आपला क्रमांक पुकारला जावा आणि चार मिनिटांत ‘प्रतिवादींना नोटीस, उत्तरासाठी अमुक आठवडे’ असे ऐकून बाहेर यावे. पहिल्या दिवशी बहुधा एवढेच घडते. आता दूरदृश्य पद्धतीनेही हजर राहता येते, हा मोठा दिलासा आहे. आमच्या डोंगराळ भागात मात्र पावसाळ्यात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. पुढे पुष्कळदा न्यायाधिकरण जिल्हाधिकारी कार्यालय, प्रदूषण नियंत्रण मंडळ आदींची संयुक्त समिती नेमून तिला जागेवर पाठविते. आमच्या मते या समितीची भेट हीच खरी सुनावणी होय. त्या दिवशी काजू गोळा करायचे राहिले तरी चालतील, पण झरा कोठे आहे हे दाखवायला माणूस तेथे हवा.

संत लूकच्या शुभवर्तमानातील ती विधवा आपल्या परिचयाची आहे. न्यायाधीश दाद देईना, तरी ती येतच राहिली आणि शेवटी तिच्या चिकाटीने त्याला नमविले. मात्र तिच्या कथेत मुदतीचा कायदा नव्हता! येथे तो आहे, आणि तो चिकाटीलाही जुमानीत नाही. पर्यावरण मंजुरीविरुद्धचे अपील तीस दिवसांत करावे लागते. पुरेसे कारण दाखविल्यास आणखी साठ दिवस मिळतात. त्यानंतर दार बंद. इतर वादांसाठी सहा महिने आणि भरपाईच्या दाव्यासाठी पाच वर्षे, अधिक तशाच साठ दिवसांची सवलत. म्हणून ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलेला मंजुरीचा कागद कोणत्या दिवशी लागला, ही नोंद ठेवणारा माणूस वाडीत एक तरी असावा.

आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी. न्यायाधिकरणापुढे जल, वायू, वनसंवर्धन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता अशा ठरावीक कायद्यांखालचेच वाद चालतात. 1972 चा वन्यजीव कायदा त्या यादीत नाही. सावंतवाडी-दोडामार्ग या वन्यजीवांच्या भ्रमणमार्गाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे चालले. तेथे 2013 मध्ये वृक्षतोडीला अंतरिम मनाई झाली आणि 22 मार्च 2024 रोजी या दोन तालुक्यांतील 25 गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविण्याच्या दिशेने पावले उचलण्याचे आदेश सरकारला मिळाले. मधल्या दहा वर्षांत ज्या पोरांच्या मुंजी-लग्नाच्या, पहिल्या कम्युनियनच्या पंगती आम्ही जेवलो, ती पोरे आता स्वतः तारखांना जाऊ लागली आहेत.

सध्या आमच्या वाडीतील शाळकरी मुले दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सेहून परतताना आजीच्या विहिरीत गाठी मारलेली दोरी सोडतात आणि पाण्याची पातळी वहीत लिहितात. तारीख, पातळी आणि खाली दोन मोठ्या माणसांच्या सह्या. यंदा जुलैची एक नोंद राहिली आहे, कारण त्या दिवशी साकव पाण्याखाली होता. मुलांनी तेही वहीत लिहून ठेवले आहे.