काळीच्या मुखावरचा सदाशिवगड

जोयडा

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

त्या जंगलात किल्ला कुठला पाहणार, असं तुम्ही फोनवर विचारलंत. किल्ला खाली कारवारला आहे, पण त्याची गोष्ट इथूनच सुरू होते. काळी नदी याच तालुक्यात, डिग्गीजवळ उगम पावते. तिच्यावर गणेशगुडीला धरण झालं, त्यात जुनं सुपे गाव बुडालं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. पूर्वी घाटावरची मिरी नि वेलदोडा, हुबळीकडची मलमल काळीच्या मुखाशी, कारवारलाच उतरायची. त्या मालासाठी इंग्रजांनी 1638 मध्ये तिथे वखार घातली. 1665 मध्ये शिवाजी महाराजांनी कारवारवर खंडणी बसवली, तेव्हा या वखारीनेही 112 पौंड भरले. उद्या अणशी घाटाने कारवारला उतरते.

कारवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आज सदाशिवगड पाहिला. नदीच्या उत्तर तीरावरची ही टेकडी फार उंच नाही, पण वरून मुख, समुद्र आणि पलीकडचं कारवार एका नजरेत येतं. इथली नजर चुकवून एकही गलबत आत जाऊ शकलं नसतं. सोंद्याच्या राजाने, बसवलिंग नायकाने, 1715 मध्ये हा गड बांधला आणि वडिलांचं नाव दिलं. गडाच्या धाकामुळे पाच वर्षांत इंग्रजांना वखार हलवावी लागली. ते 1750 मध्ये परतले, तर दोनच वर्षांनी पोर्तुगीजांनी गड घेऊन व्यापाराचा मक्ता मागितला, आणि इंग्रज पुन्हा निघाले. पोर्तुगीज याला पिराचा किल्ला म्हणत, कारण जवळच शाह करीमुद्दीनचा दर्गा आहे. दुर्गादेवीचं देऊळही इथलंच. पुढे 1763 मध्ये हैदर अलीच्या फजलुल्लाखान या सरदाराने गड जिंकला, आणि 1783 मध्ये इंग्रजांच्या जनरल मॅथ्यूजने.

तट आता तुटक उरलाय आणि हमरस्त्यासाठी टेकडीच कापली आहे. हे पाहून मला खरंच वाईट वाटलं. तुमच्या पन्हाळ्याचं दगडी वैभव इथे नाही. तरी मला विचाराल तर सह्याद्रीतल्या मिरीची किंमत कोणी ठरवायची, हे याच टेकडीवरून ठरत होतं. आपल्या किल्ल्यांच्या यादीत याला मानाची जागा हवी.

पाऊस सरला की आईला घेऊन या. चढ थोडाच आहे, तुमच्या गुडघ्यांना झेपेल.

तुमची,
सुमी