अन्सारी रोडवरचा 'हंस'

दर्यागंजमधील अन्सारी रोड हा दिल्लीच्या ग्रंथव्यवहाराचा जुना रस्ता. कागदाच्या रिमांनी लादलेल्या हातगाड्या, बांधणीला निघालेले फर्मे, दुकानांच्या पायऱ्यांवर रचलेले गठ्ठे यांतून वाट काढीतच येथे चालावे लागते. याच रस्त्यावरील अक्षर प्रकाशनाच्या कचेरीतून १९८६ साली राजेंद्र यादव यांनी 'हंस' हे मासिक पुन्हा सुरू केले. प्रेमचंदांनी १९३० मध्ये बनारसहून काढलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षे चालून बंद पडलेले हे मासिक. मुहूर्तही प्रेमचंदांच्या जन्मदिवसाचा, ३१ जुलैचाच, साधला गेला.

यादव तेव्हा सत्तावन्नाव्या वर्षात होते. मोहन राकेश आणि कमलेश्वर यांच्या बरोबरीने 'नई कहानी'चे एक प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव वाङ्मयेतिहासात नोंदले गेले होते. 'सारा आकाश' या त्यांच्या कादंबरीवर बासू चटर्जींचा चित्रपट १९६९ सालीच येऊन गेला होता. या वयात लेखक सहसा आपले समग्र वाङ्मय लावायला घेतो. यादवांनी इतरांची हस्तलिखिते वाचायला घेतली, आणि ते काम पुढील सत्तावीस वर्षे सुटले नाही. त्यांच्यातील कथाकाराला संपादकाने गिळले, ही हळहळ हिंदीत अनेकदा व्यक्त झाली आहे. ती खोटी नाही. परंतु गिळला जाण्यास तो कथाकार फारसा नाखूष होता असेही दिसत नाही.

मोठ्या वृत्तपत्रसमूहाच्या आधाराविना मासिक चालविणे म्हणजे काय, हे बाहेरून सहज उमगत नाही. लेखनाची निवड हा त्यातला सुखाचा भाग. खरी झोंबाझोंबी कागदाचे भाव, विक्रेत्यांकडे अडकलेली बाकी, परत आलेले अंक आणि टपालाची सवलत यांच्याशी. सवलतीचा दर हवा तर अंक ठरलेल्या तारखेलाच टपालात पडला पाहिजे; कवीची प्रत उशिरा आली ही सबब तेथे चालत नाही. सर्वांत फसवी गोष्ट आजीव वर्गणीची. आरंभी हाती आलेली ती रक्कम भांडवलासारखी वाटते आणि पहिल्या दोन-तीन वर्षांच्या छपाईत संपून जाते. वर्गणीदार मात्र, सुदैवाने, दीर्घायुषी असतात. कागद महागतो, टपाल महागते, आणि त्यांना अंक पाठवीत राहावे लागते. असे मासिक आपल्या सर्वांत निष्ठावान वाचकांचेच सर्वांत मोठे ऋणको होऊन बसते.

मराठीत या प्रश्नाला निराळे उत्तर मिळाले. 'शब्द' किंवा अशोक शहाणे यांचा 'असो' ही अनियतकालिके नियमितपणाचे ओझेच नाकारून निघाली. अल्पायुष्य हा त्यांचा दोष नव्हे, स्वभाव होता. 'सत्यकथा'च्या पाठीशी मौजेचे मुद्रणालय आणि प्रकाशनसंस्था होती. तरीही १९८२ साली ते मासिक थांबले. पुढे हिंदीतील 'सारिका', 'धर्मयुग' ही मोठ्या घराण्यांची नियतकालिकेही मिटली. 'हंस' मात्र महिन्याच्या महिन्याला निघत राहिला. विशीतल्या लेखकाने आज कथा पाठवावी आणि ती छापायला मासिक पुढल्या वर्षी शिल्लक असावे, एवढी हमीही एखाद्या भाषेतील कथेला पुरते. गीतांजली श्री यांची 'बेलपत्र' ही पहिली कथा १९८७ साली 'हंस'मध्येच आली. 'रेत समाधि'च्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळायला २०२२ साल उजाडले. शिवमूर्तींची 'तिरिया चरित्तर' ही कथाही 'हंस'चीच.

दलित लेखनाला आणि स्त्रियांच्या लेखनाला यादवांनी दिलेली जागा हा त्यांच्या संपादनातील सर्वांत वादग्रस्त भाग, आणि मराठी वाचकाला सर्वांत जवळचा. ओमप्रकाश वाल्मीकी नोकरीनिमित्त अंबरनाथ आणि चंद्रपूर येथे राहिले. मराठी दलित साहित्याशी त्यांचा निकट परिचय झाला तो महाराष्ट्रातच. 'जूठन' १९९७ साली पुस्तकरूपाने आले. त्याआधी त्यांच्या कथा 'हंस'च्या वाचकांना ठाऊक झाल्या होत्या. येथे एक भेद नजरेआड करता येत नाही. मराठीत गंगाधर पानतावणे यांनी तेव्हाच्या औरंगाबादहून 'अस्मितादर्श' चालविले. ते दलित लेखकाचे स्वतःचे घर होते. हिंदीतही पुढे तशी नियतकालिके निघाली, तरी मोठा वाचकवर्ग मिळाला तो 'हंस'च्या ओसरीवर. ओसरी कितीही मोकळी असली तरी यजमान दुसराच असतो, ही बोच त्या आतिथ्यात राहणारच. उलट बाजूने, मासिक कथेचे न राहता वादाचे झाले असा आक्षेप जुने वाचक घेत. 'मेरी तेरी उसकी बात' या संपादकीयाचा चढा सूर पाहता तो अगदी निराधार म्हणता येणार नाही. एवढे मात्र खरे की, विरोधकांची खरमरीत पत्रे यादव आपल्याच अंकात छापीत, आणि ती वाचण्यासाठीही काही जण अंक घेत.

२८ ऑक्टोबर २०१३ रोजी यादव गेले. एका माणसाच्या हट्टावर उभे असलेले मासिक त्याच्याबरोबर जाते, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. परंतु संजय सहाय यांनी संपादनाची धुरा घेतली आणि अंक निघत राहिले. दर्यागंजच्या पदपथावरचा रविवारचा जुन्या पुस्तकांचा बाजार २०१९ साली तेथून हलविण्यात आला. जुनी मासिके धुंडाळणाऱ्या विद्यार्थ्याला आता महिला हाटच्या आवारात जावे लागते. अन्सारी रोड तेथून फार दूर नाही.