भिंतीला चिकटणारा झोत

आमच्या घरच्या जुन्या किटलीतून चहा ओतताना हात जरा सावकाश झाला, की चहा कपात न पडता तोटीखालून ओघळत टेबलावर येई. आई तोटीच्या खालच्या कडेला तुपाचे बोट फिरवी आणि ओघळ थांबे. पुढे इस्राएलात आल्यावर वाचनात आले, की या ओघळण्याला ‘चहाच्या किटलीचा परिणाम’ हे नाव हैफाच्या टेक्नियनमधील प्राध्यापक मार्कुस राइनर यांनी १९५६ साली दिले. हे सारे मला पुन्हा आठवले ते ड्रेस्डेनमध्ये.

माझा नातू संशोधनासाठी ड्रेस्डेनला निघाला, तेव्हा मी त्याला विरोध केला होता. कारखान्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघांच्या हातांवर गोंदलेले आकडे मी वर्षानुवर्षे पाहिले होते. शब्दाने शब्द वाढला आणि दोन वर्षे आमचे बोलणे बंद राहिले. गेल्या वर्षी मुलीच्या आग्रहामुळे मी अखेर तेथे गेलो.

नातवाने मला आपली प्रयोगशाळा दाखविली. एका नळीतून हवेचा झोत सुटत होता व त्याच्या शेजारी एक तिरकी फळी होती. फळीवर लावलेल्या दोऱ्यांवरून हवेची दिशा कळत होती. झोत सरळ न जाता वळून फळीला भिडला. त्याने कारण सांगितले: झोत आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. एका बाजूस भिंत असेल, तर तेथे नवी हवा येण्यास वाट राहत नाही. त्या बाजूचा दाब उतरतो आणि बाहेरचा दाब झोताला भिंतीकडे ढकलतो. झोत जेथे भिडतो त्याच्या अलीकडे, घुमणाऱ्या हवेचा एक कप्पा कोंडून राहतो. चहाच्या बाबतीत तोटी ओली होण्याचाही भाग असतो. येथे तो नाही.

नंतर त्याने दुसरी फळी बसविली. तीत बारीक छिद्रे होती व तिच्या मागे एक बंद पेटी होती. झोत भिडतो तेथे दाब अधिक, कोंडलेल्या कप्प्यात कमी. म्हणून हवा एकीकडच्या छिद्रांतून पेटीत शिरते आणि दुसरीकडच्या छिद्रांतून बाहेर येते. त्यामुळे दाबातील तफावत घटते व झोत भिडण्याची जागाही बदलते. या कामाला पंप लागत नाही, वीज लागत नाही. म्हणून याला निष्क्रिय नियंत्रण म्हणतात. मात्र छिद्रे मोजूनमापूनच पाडावी लागतात. ती चुकली तर घर्षण वाढते, कधी शिट्टीही वाजू लागते.

“आजोबा, असा मोकळा झोत कसा पसरतो याचे गणित वॉल्टर टोलमीन यांनी १९२६ मध्ये मांडले. पुढे १९३७ पासून ते येथेच प्राध्यापक होते,” तो म्हणाला.

मी विचारले, “आणि ज्यांना हा देश सोडावा लागला, त्यांचे काय?”

तो क्षणभर थांबला. “रिखार्ड फॉन मीसेस १९१९ मध्ये येथे शिकवीत होते. ज्यू घराण्यात जन्मल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना बर्लिन सोडून इस्तंबूलला जावे लागले. धातू केव्हा वाकतो याचा त्यांनी १९१३ मध्ये सांगितलेला नियम आम्ही अजूनही वापरतो. त्यांचे नाव येथे मी रोज घेतो, आजोबा.”

यावर मला उत्तर सुचले नाही. दोन वर्षे मी समजत होतो, की हा मुलगा काही जाणत नाही. मी त्याला कधी विचारलेच नव्हते.

जर्मनीविषयीचे माझे मन अद्याप पूर्ण निवळलेले नाही. ती भिंत उभी आहे, पण तिला आता चार छिद्रे पडली आहेत. दर शुक्रवारी, शब्बाथपूर्वी, नातवाचा फोन येतो. तो मराठी अडखळत बोलतो. मी त्याची वाक्ये दुरुस्त करीत नाही.