मोरीतला हौद

आमच्या मोरीत वडिलांनी स्वतः बांधलेला सिमेंटचा हौद होता. नळ सकाळी एकच तास येतो. हौद भरला की घर निश्चिंत. पण गेल्या पावसाळ्यात कठड्याला पाय अडून आई पडली. तेव्हाच ठरवले, हौद काढून शॉवर बसवायचा.

गवंड्याने 18,000 रुपये सांगितले. त्यात राडारोडा उचलणे आणि वॉटरप्रूफिंग धरलेच नव्हते. शेवटी हिशेब असा झाला: तोडफोड व राडारोडा 4,500, वॉटरप्रूफिंग 7,000, प्लंबर 6,000, खडबडीत लाद्या 5,500, टाकी, शॉवर व धरायच्या दांड्या 7,000. एकूण 30,000 रुपये. दीक्षाभूमीला जाण्यासाठी साठवलेले पैसे त्यात गेले.

आई म्हणाली, "माझ्या अंघोळीपायी एवढा खर्च?" आम्ही गप्प बसलो. तिचा त्या हौदावर जीव होता. 1927 साली महाडला बाबासाहेबांसोबत आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली. अशा समाजाच्या घरात भरलेला हौद हा अभिमानच!

शॉवर पाच मिनिटे सोडला तर दोन-तीन बादल्या पाणी जाते. म्हणून आम्ही हातात धरायचा शॉवर घेतला. हवा तेव्हा बंद करता येतो.

आता आई खुर्चीवर बसून, कुणाचा हात न धरता अंघोळ करते. बंधू-भगिनींनो, काम देण्याआधी दरात काय काय धरले आहे, ते लिहून घ्या. नागपूरला आम्ही पुढच्या वर्षी जाऊ, आईला घेऊनच.

जय भीम!