मस्तगड : औषध फुकट, खाडा मात्र आपल्याच पदरी

"जालना, सोने का पालना" ही म्हण मराठवाड्यात लहान लेकरालाही ठाऊक आहे. म्हण खोटी नाही. कापूस, मोसंबी, बियाणे आणि आता लोखंडी सळई, एवढ्या मालावर या गावाने व्यापाऱ्याला कधी उपाशी ठेवले नाही. पण सोन्याच्या पाळण्यात निजणारे वेगळे आणि पाळण्याची दोरी ओढणारे वेगळे. या लेखात आम्ही दोरी ओढणाऱ्यांचे सांगणार आहोत.

वाचकहो, आम्ही डॉक्टर नाही की पुढारी नाही. रेशनच्या रांगेत उभे राहतो, दवाखान्याच्याही रांगेत उभे राहतो, तेवढ्याच अधिकाराने हे लिहितो आहोत.

जालन्यात कुंडलिका नदीच्या दोन अंगांना गाव वसले आहे. बाहेरचा माणूस इथून अजिंठा-वेरूळला निघून जातो, मस्तगडापाशी थांबत नाही. गड म्हटला की आपल्या डोळ्यापुढे डोंगर, कडा, बुरूज येतात. इथे तसे काही नाही. निजामउल्मुल्क आसफजाहच्या हुकुमावरून काबिलखानाने १७२५ साली गावाच्या पूर्वेला सपाटीवरच चौकोनी किल्ला बांधला. कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज आणि आत बालेकिल्ला. त्या बालेकिल्ल्याला लोक मस्तगड म्हणतात. त्यावर फारसी शिलालेख आहे. आत एक मोठी विहीर आहे, तिच्या पोटात सज्जे आणि खोल्या काढलेल्या आहेत. उन्हाळ्यात सरदार मंडळी तिथे गारव्याला बसत असतील, आमच्या आज्यांना मात्र त्या पाण्याला हात लावता आला असेल असे वाटत नाही.

गॅझेटियरमध्ये नोंद आहे की याच मस्तगडात नगरपालिकेची कचेरी असे. म्हणजे ज्या गढीतून पूर्वी तोफेचा हुकूम सुटायचा, तिथूनच पुढे नळपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले आणि गटारीचे अर्ज हलू लागले. २०२३ साली जालन्याची महानगरपालिका झाली, राज्यातली एकोणतिसावी. पाटी मोठी झाली. पाटी मोठी झाली की जबाबदारीही मोठी होते, शहराच्या गरिबाचा दवाखाना हे आता महानगरपालिकेचे काम आहे.

आरोग्य म्हटले की आपण लगेच गोळी आणि इंजेक्शनचा विचार करतो. जमशेदखान नावाच्या जुन्या अंमलदाराने या गावासाठी मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ टाकून त्याचे पाणी गावातल्या हौदांत आणले. त्या काळच्या माणसाला हे कळत होते की गावाची प्रकृती पाण्यापासून सुरू होते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याने टँकरमागे धावून काढलेले दिवस कोणी विसरलेले नाही. त्यानंतर जायकवाडीचे पाणी पाईपने आले. तरी ज्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही त्या गल्लीत ड्रम भरून ठेवावेच लागतात, आणि उघड्या ड्रमात डेंग्यूचा डास अंडी घालतो. मग घरोघर येऊन "पाणी साठवू नका" असे सांगितले जाते. पाणी साठवायचे नाही तर पिण्याला कुठून आणायचे, हे मात्र त्या पत्रकावर छापलेले नसते.

आता दवाखान्याकडे वळू. आमच्या माणसाची नाडी धरायला वैद्य-डॉक्टर तयार नसत, तो काळ फार लांबचा नाही. बाबासाहेबांनी "वेटिंग फॉर अ व्हिसा" मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत दिली आहे. त्याची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत शिरायला तयार नव्हता. वस्तीबाहेर आणलेल्या रुग्णाला त्याने हात लावला नाही, थर्मामीटरसुद्धा एका मुसलमान माणसाच्या हातून दिले. ती बाई वाचली नाही. १९२९ ची ही गोष्ट. जालन्याच्या बाजूला तर त्याही आधी नारायण शेषाद्री या धर्मांतरित ब्राह्मणाने बेथेल नावाची वस्ती वसवली होती, तिथे महार-मांग कुटुंबांना जागा मिळाली. पुढे मिशनचा दवाखानाही जालन्यात उभा राहिला. धर्म कोणाचा कोणता हा प्रश्न वेगळा. आपल्या जखमेवर हात ठेवणारा माणूस पहिल्यांदा तिथे भेटला, ही आठवण या भागातल्या जुन्या माणसांनी जपली.

आज सरकारी दवाखान्यात जात विचारून कोणी हात मागे घेत नाही. कायद्याने ते शक्य नाही. कागदावर तर खूपच सुधारणा झाली आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले, केसपेपरचेही पैसे बंद झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत अशा दोन हजार चारशेवर संस्था त्यात आल्या. २०१२ साली जी राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तिचे २०१७ साली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना असे नाव झाले. तिच्यात कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, ती २०२३ च्या निर्णयाने पाच लाख झाली आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकेलाही दार उघडले. गांधी चमनला बायकांचे सरकारी रुग्णालय आहे. आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेले शंभर जागांचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही जालन्याला मिळाले. मोठ्या दुखण्याला साठ किलोमीटर दूर घाटी दवाखान्याची वाट धरणाऱ्या जिल्ह्याला हे थोडे नाही.

मग तक्रार कशाची?

मस्तगडच्या बाजूला सकाळी सातला एक मावशी भेटल्या. हातात पिशवी, पिशवीत कागद, मागे खोकत येणारा नवरा. तो मोंढ्यात हमाली करतो. आम्ही म्हणालो, मावशी, आता तर सगळे फुकट आहे. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "दवाखाना फुकट हाय बाबा. पर ह्यांचा एक खाडा आन् माहा एक खाडा, हे कोन भरून देतंय? आज कागद, उद्या थुंकी, परवा फोटू. तीन दिवसाचे दोघांचे सहा खाडे झाले. त्यापरीस मेडिकलवरून दहाची गोळी बरी."

या मावशींनी आम्हाला जे शिकवले ते कोणत्या अहवालात आम्हाला आढळले नाही. साहेब लोक दवाखान्याचा खर्च मोजतात तो औषधाचा, खाटेचा, ऑपरेशनचा. मजूर माणूस मोजतो तो खाड्याचा. रिक्षाचे भाडे, सोबतीच्या माणसाचा खाडा, दुपारचा वडापाव, घरी ठेवलेल्या लेकरांची काळजी, हे सगळे त्या मोफत केसपेपरच्या पाठीमागे अदृश्य शाईने लिहिलेले असते. सकाळी रांगेत उभे राहिले आणि दुपारी "तपासणी बंद झाली, उद्या या" असे ऐकले की एक दिवस मातीत गेला. असा अनुभव आमच्यापैकी प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या खिडकीवर आलेला आहे. नाव घेऊन उपयोग नाही, खिडक्या बदलतात, उत्तर तेच राहते.

म्हणून लोक काय करतात? दुखणे अंगावर काढतात. खोकला दोन महिने, छातीतली कळ चार महिने, बाईचे अंगावरून जाणे वर्ष वर्ष. दुखणे मोठे झाले की मग योजनेचे कार्ड शोधतात. योजना मोठ्या आजाराला, भरती होणाऱ्याला आहे. रोजची बीपीची गोळी, गुडघा, ताप, दात, यासाठी ती नाही. म्हणजे बाईने दुखणे लहान असताना सांभाळले तर खर्च तिचा, आणि हाताबाहेर गेल्यावर पाच लाख सरकारचे. हा हिशेब आम्हाला कळत नाही. शिवाय कार्डावर नव्या सुनेचे नाव चढलेले नसते आणि ऐनवेळी धावपळ होते ती वेगळीच.

बाबासाहेबांचे नाव आम्ही इथे भक्तीने घेत नाही, हिशेबासाठी घेतो. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात १९४३ साली प्राध्यापक बी. पी. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करायला सांगण्यात आले. १९४४ ला अहवाल आला, १९४८ ला कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. कामगार तिला ईएसआय म्हणतात. अलीकडे हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला आहे. या योजनेत औषध तर आहेच, पण आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या सत्तर टक्के रक्कम आहे. कामावर अपघात झाला तर बरे होईपर्यंत नव्वद टक्के. बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण मजुरी. म्हणजे मस्तगडच्या मावशींचा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वीच कोणाला तरी कळला होता. गरिबाच्या आजारात औषधाइतकाच खाडा महत्त्वाचा, हे त्या योजनेने मान्य केले.

पण तिचा लाभ कोणाला? जिथे योजना लागू आहे तिथे, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, आणि ठरलेल्या मर्यादेच्या आत पगार असणाऱ्याला. ही मर्यादा २०१७ साली २१ हजार रुपये ठरली. २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के असा वाटा आहे. आमच्यातला एक जण सळईच्या भट्टीवर ठेकेदाराकडे होता. वाटा कापला जातो की नाही, कार्डाचा नंबर काय, हे त्याला सात वर्षे माहीत नव्हते. पायावर ठिणगी उडून भाजले तेव्हा ठेकेदाराने हातात दोन हजार ठेवले आणि गावी जायला सांगितले. ते दोन हजार उपकार म्हणून दिले, आणि त्याने उपकार म्हणूनच घेतले. आपल्या हक्काची माहिती नसली की असे होते. भट्टीवर, जिनिंगमध्ये, गोदामात काम करणाऱ्या प्रत्येक भावाबहिणीने पगाराची पावती मागावी आणि विम्याचा नंबर विचारावा. नंबर नसेल तर एकट्याने भांडू नये, दहा जणांनी मिळून विचारावे.

हमाल, धुणीभांडी करणारी बाई, नाक्यावरचा मजूर यांना ही योजना शिवत नाही. त्यांच्यासाठी काय? क्षयरोगाच्या बाबतीत सरकारने एक वाट दाखवली आहे. औषध मोफत आहेच, शिवाय २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिना पाचशे रुपये रुग्णाच्या खात्यात येऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. रक्कम मोठी नाही. पण रोग्याला औषधाबरोबर भाकरीही लागते हे त्यात कबूल केले आहे. हीच रीत पुढे का जाऊ नये? बाळंतिणीला, भाजलेल्याला, ऑपरेशन झालेल्या मजुराला ठरावीक दिवसांचा खाडा सरकारने का भरून देऊ नये?

दुसरी गोष्ट वेळेची. आपला दवाखाना नावाची योजना १ मे २०२३ पासून राज्यभर नेली, तिची वेळ दुपारी २ ते रात्री १० अशी जाहीर झाली. ज्याने ही वेळ ठरवली त्याला मजुराची दिनचर्या ठाऊक असली पाहिजे. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर हातपाय धुऊन दाखवून येता येते, खाडा पडत नाही. असा दवाखाना प्रत्येक मजूर वस्तीच्या चालत्या अंतरावर हवा, आणि जाहीर झालेल्या वेळेला तिथे डॉक्टर बसलेला हवा. मोठ्या कॉलेजच्या इमारतीपेक्षा आम्हाला हे आधी हवे आहे, असे म्हटले तर कोणी राग धरू नये.

योजनेला फुल्यांचे नाव दिले आहे म्हणून आठवण करून देतो. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात नेले. त्या संसर्गाने १० मार्चला त्या गेल्या. माई स्वतः वस्तीत गेल्या होत्या. त्यांनी त्या पोराच्या आईला "कागद घेऊन उद्या ये" म्हटले नाही.

मस्तगडच्या मावशींना आम्ही त्या दिवशी सोडले नाही. आमच्यातल्या एका ताईने त्यांच्याबरोबर रांग धरली, नवऱ्याला बाकावर बसवले, आणि मावशी कामावर गेल्या. निदान एक खाडा वाचला. त्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात हे बोलणे निघाले आणि पाच बायकांनी वार वाटून घेतले. ज्याच्या घरी आजारी आहे त्याच्याबरोबर त्या दिवशी एकीने जायचे. विहाराच्या फळ्यावर खडूने लिहिले आहे : शिधापत्रिका, आधार कार्ड, जुने केसपेपर, लेकराचा जन्मदाखला एका पिशवीत ठेवा. सुनेचे नाव शिधापत्रिकेत चढवा. रुग्णवाहिका १०८, गरोदर बाईसाठी १०२. फुले योजनेची चौकशी १५५३८८. योजनेतल्या दवाखान्यात गेल्यावर आधी आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा. २०२३ चा मोफत उपचाराचा निर्णय आरोग्य विभागाच्या दवाखान्यांसाठी आहे, वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात धरलेली नव्हती, म्हणून पैसे मागितले तर कोणत्या नियमाने ते विचारा आणि पावती घ्या.

मावशींच्या मालकाच्या थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. औषध सुरू झाले आहे. बँकेच्या खात्याचा नंबर देऊन झाला आहे, पहिला हप्ता अजून यायचा आहे.