दहाव्या दिवसाचं औषध

रेडकू बारा दिवसांचं होतं. आईच्या कासेला ढुशा देत होतं, मधेच शेपटी वर करून गोठाभर उड्या मारत होतं. आक्कांनी माझ्या हातातल्या बाटलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, एवढं ठणठणीत हाय की! औशद कशाला?"

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावांत मी गुरांचा डॉक्टर म्हणून फिरतो. हा प्रश्न मला सारखा भेटतो. हगवण लागली, पोट सुटलं, केस राठ झाले की माणसं मध्यरात्रीही दार वाजवतात. पण उड्या मारणाऱ्या पिल्लाला औषध पाजायचं म्हटलं की मन घेत नाही. जंतांचा बंदोबस्त मात्र याच दिवसांत करायचा असतो.

रेडकांचा आणि वासरांचा मोठा वैरी म्हणजे टॉक्सोकारा नावाचा गोल जंत. पांढरट, गांडुळासारखा, वीतभराहूनही लांब. आईनं कधीतरी चाऱ्याबरोबर त्याची अंडी गिळलेली असतात. अळ्या तिच्या अंगात निपचित पडून राहतात, तिला काही त्रास होत नाही. व्यायला आली की त्या कासेत उतरतात आणि चिकातून, दुधातून पिल्लाच्या आतड्यात पोचतात. तीन-चार आठवड्यांत जंत वाढून अंडी घालायला लागतो. मग मातकट, घाण वासाची हगवण सुरू होते. काही वेळा जंतांचा गुंताच आतडं बंद करतो.

हे सांगितल्यावर आक्का चपापल्या. "मग चीक पाजू नगं व्हय?"

असं कधीच करू नये. पहिल्या दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे, 30 किलोच्या पिल्लाला पहिल्या दिवसात 3 लिटरपर्यंत. चीक तोडला तर जंतांच्या आधी दुसरा रोग पिल्लू नेईल. दूध चालू ठेवायचं आणि 10 ते 14 दिवसांच्या दरम्यान, जंत कोवळा असतानाच, औषध द्यायचं.

पाजण्यालाही हात लागतो. आक्कांनी रेडकू दोन गुडघ्यांत धरलं. मी जबड्याच्या कडेनं, जिथं दात नसतात तिथं बोट सारलं आणि सिरिंज जिभेवर टेकवली. मान आडवीच ठेवली. मान वर ताणली तर औषध श्वासनळीत उतरतं आणि बरं करायला गेलेल्या हातानंच न्यूमोनिया होतो. थोडं सोडायचं, गिळू द्यायचं, मग पुढचं. मात्रा वजन बघून. अंदाजानं कमी पाजलं तर चिवट जंत तेवढे उरतात, आणि पुढं त्यांचीच पिढी वाढते.

औषधाआधी शेण बघायचं, हे मात्र मला एका कालवडीनं शिकवलं. नोकरीची सुरुवात होती. ती दोन महिन्यांची, शेणात रक्त, कुंथून कुंथून दमलेली. मी जंतनाशक पाजलं आणि निघालो. चौथ्या दिवशी ती गेली. तो जंत नव्हता, कॉक्सिडिया होता. एकपेशीय जीव, जंतनाशकाला दाद न देणारा. त्याला अँप्रोलियमसारखं वेगळं औषध लागतं. तेव्हापासून हगवणीचं पिल्लू दिसलं की मी आधी चिमूटभर शेण घेतो. मिठाच्या घट्ट पाण्यात ते कालवलं की अंडी वर तरंगतात. सूक्ष्मदर्शकाखाली टॉक्सोकाराचं अंडं गोल आणि जाड कवचाचं दिसतं. कॉक्सिडियाचं त्याहून बरंच लहान. ही दहा-पंधरा मिनिटं त्या दिवशी मी काढली असती, तर कालवडीला योग्य औषध तरी मिळालं असतं.

राहिली जमीन. हे दोन्ही शत्रू ओलीत तग धरतात. म्हणून पिल्लांची जागा मोठ्या जनावरांपासून वेगळी, कोरडी, ऊन येणारी हवी. शेण रोज उचलायचं, चारा जमिनीवर टाकायचा नाही, माती चाटणाऱ्याला मुस्कं बांधायचं. औषधानं पोट साफ होतं, पण गोठा ओला राहिला तर पिल्लू पुन्हा तेच चाटतं.

परवा आक्कांची दुसरी म्हैस व्याली. गेलो तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर व्यायच्या तारखेला कुंकवाचा ठिपका होता. तिथून दहा घरं मोजून दुसरा ठिपका. "त्या दिशी या," त्या म्हणाल्या. रेडकू उड्या मारत होतं.