आधी एलिमिनेटर, मग मारिओ

लालबाग-परळच्या चाळी रिकाम्या व्हायला लागल्यापासून माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर व्हिडिओ गेमचे डबे वाढले आहेत. नायगावची बीडीडी चाळ असो, ना. म. जोशी मार्गावरची असो की गिरगावातली एखादी वाडी, खोली सोडायची म्हणजे पोटमाळा उपसावाच लागतो. पितळेच्या घागरींच्या मागे, लग्नाच्या अल्बमखाली हा डबा सापडतो. घेऊन येणारा चाळिशीतला, बरोबर शाळकरी मुलगी. "दादा, एकदा लावून बघा ना, चालतो का." मी लावत नाही. आधी स्क्रू ड्रायव्हर काढतो. त्या मुलीच्या तोंडावरची निराशा बघवत नाही, पण इलाज नाही.

माळ्यावर वीस-पंचवीस वर्षं पडून ही यंत्रं सहसा मरत नाहीत. खाली काढल्यावर, हाताला लागेल तो चार्जर खुपसून बटण दाबलं की पहिल्या मिनिटात मरतात.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानात १९८३ साली आला. आपल्या घरांत पोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला, नावं सतराशे साठ. नव्वदच्या दशकात दारूच्या धंद्यातल्या शॉ वॉलेसने सेगाची यंत्रं विकायला आणली. ती ज्यांच्याकडे होती ते आमच्या दृष्टीने श्रीमंत. नकला स्वस्त होत्या, कारण त्यांत चिप वेगळी बसवलेली नसते. बोर्डावरच चिकटवून वर काळ्या डांबरासारखा थेंब ओतलेला असतो. तो थेंब जळला तर बदलायला काहीच उरत नाही. म्हणून माझा सगळा जीव एलिमिनेटरमध्ये, म्हणजे यंत्राला वीज देणाऱ्या ॲडाप्टरमध्ये.

फॅमिकॉम आणि त्याच्या बहुतेक नकलांच्या पिनमध्ये आत ऋण आणि बाहेर धन असतं. आज घरात राउटरचा जो ॲडाप्टर पडलेला असतो, त्यात बहुधा बरोबर उलट. पिन मात्र अगदी घट्ट बसते, आणि तिथेच घात होतो. सेगाने तर कमालच केली: पहिल्या मेगाड्राइव्हला आत ऋण, दुसऱ्याला आत धन. त्यामुळे ऐकीव माहितीवर जायचं नाही, डब्याखालची खूण वाचायची.

जुना एलिमिनेटर सापडला तर तो आधी सिरीज बोर्डावर, म्हणजे वाटेत बल्ब जोडलेल्या बोर्डावर, लावतो. बल्ब भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे, तो बाद. नाही पेटला तर मल्टिमीटर. वर ९ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि मीटर १२-१३ दाखवतो. घाबरायचं कारण नाही, भार नसताना हे असंच असतं. यंत्राच्या आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर त्याचे ५ व्होल्ट करतो आणि उरलेल्याची उष्णता करून टाकतो. तो ५च देतो ना, हे तपासल्याशिवाय मी गेमच्या कॅसेटला हात लावत नाही. कंडेन्सर फुगलेला किंवा बुडाशी ओला दिसला तर बदलतो. धडधाकट असेल तर उगाच उपटत नाही. जुन्या बोर्डावरचा तांब्याचा पापुद्रा गरम सोल्डरने सहज निघून येतो. सुट्या भागांना लॅमिंग्टन रोडवर चक्कर मारली की काम होतं.

मुंबईची खारी हवा आणि झुरळं, हे दोघे बाकीचं नुकसान करतात. कॅसेटच्या पट्ट्या हिरवट पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या. फुंकर मारायची नाही! लहानपणी फुंकल्यावर गेम चालायचा तो कॅसेट पुन्हा नीट बसल्यामुळे. तोंडाची वाफ पट्ट्यांना गंजच देते.

एवढं झाल्यावर कॉन्ट्रा सुरू होतो, आणि मग हमखास तक्रार येते की डक हंट या बदकं मारायच्या गेमची बंदूक बिघडली आहे. ती बिघडलेली नसते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. हे गणित काचेच्या जुन्या टीव्हीच्या वेगावर बसवलेलं आहे. सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, तोवर बंदुकीची वाट पाहण्याची वेळ संपलेली असते. बदकं मारायचीच असतील तर जुना टीव्ही शोधा, पण त्याचं मागचं झाकण उघडू नका. तार काढल्यावरही आत हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.

पिवळा पडलेला डबा पांढरा करून द्या असंही लोक सांगतात. मी नाही करत. पेरॉक्साइडने रंग उजळतो, पण चार-दोन वर्षांत परत पिवळा पडू शकतो, आणि वय दिसलं म्हणून गेम अडत नाही.

एक विनंती. माळा उपसताना ती एलिमिनेटरची जड, काळी, दोन पिनांची ठोकळी भंगारवाल्याला देऊन टाकू नका. डब्याबरोबर घेऊन या, आणि घरी लावून बघू नका.